दोन अ‍ॅम्पसाठीचं ४ गेज वायरिंग किट: ब्लॉक ठेवा, फ्यूज बदला, वायर तोलून बघा

गाडीत स्पीकरसाठी चार चॅनलचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) आधीपासून आहे आणि आता सबवूफरसाठी मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा अ‍ॅम्प जोडायचाय, अशा वेळी बहुतेक जण ‘ड्युअल अ‍ॅम्प वायरिंग किट’ उचलतात. हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचं नाही. ४ गेजच्या (गेज म्हणजे वायरच्या जाडीचं माप; आकडा जितका लहान तितकी वायर जाड) या किटचा साचा सगळीकडे जवळपास सारखाच असतो, आणि त्याच्या खुब्या-खोडीही सारख्याच. आमचं मत आधीच सांगतो. वायर अस्सल तांब्याची असेल तर किट घेण्यासारखं आहे. सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर खोक्यावर ४ गेज लिहिलेलं असलं तरी ते ६ गेजचं किट समजूनच हिशेब करा. आणि दोन्हींत आतला मुख्य फ्यूज डोळे झाकून वापरू नका.

खोक्यात साधारण हे निघतं: लाल पॉवर वायर ५ ते ६ मीटर, एएनएल, म्हणजे नट-बोल्टने आवळायच्या पातीचा फ्यूज आणि त्याचा होल्डर, एका वायरच्या दोन करणारा डिस्ट्रिब्युशन ब्लॉक, ब्लॉकपासून अ‍ॅम्पपर्यंत जायला ८ गेजचे तुकडे, एखाद मीटर काळी ग्राउंड वायर (अ‍ॅम्पपासून गाडीच्या बॉडीला जाणारी), ५ मीटरची आरसीए केबल (स्टिरिओकडून अ‍ॅम्पला सिग्नल नेणारी), एका सिग्नलचे दोन करणारे दोन वाय स्प्लिटर, निळी रिमोट वायर (अ‍ॅम्प चालू-बंद करणारी), थोडी स्पीकर वायर, रिंग लग (वायरच्या टोकाचं गोल टर्मिनल), रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसणारी कडी) आणि केबल टाय. यादी भरगच्च दिसते. यातले ब्लॉक, होल्डर आणि पॉवर वायर हे तीनच भाग किटची लायकी ठरवतात. बाकीचं सुटं कुठेही मिळतं.

वायर खरी की मुलाम्याची

किटच्या किमतीतला सगळा फरक इथे आहे. अस्सल ४ गेज वायरचा छेद २१ चौरस मिलिमीटर असतो आणि तांब्याची असेल तर तिचा रोध (करंटला होणारा विरोध) मीटरला सुमारे ०.८ मिलिओहम येतो. तेवढ्याच जाडीच्या सीसीए वायरचा रोध त्याच्या दीडपटीहून जास्त, साधारण १.२५ ते १.३ मिलिओहम असतो. तांब्याच्या ६ गेज वायरचा रोधही नेमका याच घरातला आहे.

खोक्यावरच्या अक्षरांवर विसंबायचं नसेल तर सोपी चाचणी आहे. वायरचं टोक दहा सेंटिमीटर सोला, तेवढा धातू कापा आणि ग्रॅम दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर ठेवा. ४ गेज तांब्याचा दहा सेंटिमीटरचा तुकडा १९ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. सीसीए असेल तर ७ ते ८ ग्रॅमच भरेल. १२-१४ ग्रॅम आले आणि धातू तांबंच असेल, तर तारा कमी घालून वर प्लास्टिक जाड केलेलं आहे. हा प्रकार सर्रास आढळतो. दुसरी खूण म्हणजे एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमक दिसली की अ‍ॅल्युमिनियम.

सीसीए म्हणजे टाकाऊ असं नाही, पण तिला दोन सवयी आहेत. अ‍ॅल्युमिनियम स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतं, त्यामुळे आज करकचून आवळलेला स्क्रू पंधरा दिवसांनी सैल सापडतो. आणि कापलेलं टोक उघडं राहिलं, त्याला ओल लागली, की त्यावर गंज चढून रोध वाढतो. इंजिनाशेजारच्या उष्ण-दमट जागेत हे लवकर होतं. म्हणून सीसीएला टोकाला फेरूल (धातूची टोपी) किंवा लग क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून त्यावर गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवणं सक्तीचं समजा. तांब्याला ते चांगलं, इतकंच.

हिशेब कागदावर मांडून बघा

चार चॅनलचा एबी वर्गाचा अ‍ॅम्प धरा, चॅनलला ६० वॅट आरएमएस (सतत देता येणारी ताकद), म्हणजे एकूण २४० वॅट. या वर्गाची कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या आसपास असते. २४० भागिले ०.५५ भागिले १३.८ व्होल्ट, उत्तर सुमारे ३२ अँपिअर. मोनो अ‍ॅम्प डी वर्गाचा, ५०० वॅट आरएमएस, कार्यक्षमता ८० टक्के धरली तर सुमारे ४५ अँपिअर. दोन्ही मिळून ७७. खोक्यावर छापलेल्या ‘मॅक्स पॉवर’चे आकडे या गणितात घ्यायचेच नाहीत. आरएमएस कुठे सापडला नाही तर अ‍ॅम्पच्या अंगावरचे फ्यूज मोजा. तो आकडा सहसा खोटं बोलत नाही.

आता ७७ अँपिअर ५ मीटर वायरमधून न्यायचे. तांब्याच्या ४ गेजमध्ये ०.३ व्होल्ट गळतात, सीसीएमध्ये ०.५ व्होल्ट आणि तांब्याच्या ० गेजमध्ये अवघे ०.१२. ही नुसती जाणाऱ्या वायरची गळती. होल्डर, ब्लॉक, ग्राउंड यांची भर वेगळी. गाण्यात सरासरी करंट याच्या निम्म्याहूनही बराच कमी असतो, त्यामुळे एरवी काही जाणवत नाही. पण बासच्या प्रत्येक ठोक्याला हा कमाल आकडा क्षणभर गाठला जातो, आणि नेमक्या त्या क्षणी अ‍ॅम्पचं व्होल्टेज बसतं. हेडलाइट ठोक्याबरोबर मंद होणं हे त्याचंच भावंड, फक्त तिथे दोष किटचा कमी आणि अल्टरनेटर, बॅटरी व कंपनीच्या मूळ बारीक ग्राउंड वायरांचा जास्त असतो.

थोडक्यात, दोन्ही अ‍ॅम्पच्या अंगावरच्या फ्यूजची बेरीज १०० अँपिअरपर्यंत असेल तर तांब्याचं ४ गेज किट पुरतं. ८० पर्यंत असेल तर दर्जेदार सीसीए चालून जाईल. १०० च्या पुढे ० गेजकडे जा. ‘सध्या ४ गेज टाकू, मग बघू’ हा विचार महागात पडतो, कारण कष्ट वायरच्या किमतीत नसतात. कार्पेट आणि साइडच्या पट्ट्या पुन्हा उचकटण्यात असतात.

फ्यूज: किटची सगळ्यात मोठी चूक

बऱ्याच किटमध्ये १५० अँपिअरचा एएनएल फ्यूज येतो, कारण खोक्यावर मोठा आकडा शोभून दिसतो. मुख्य फ्यूजचं काम अ‍ॅम्प वाचवणं नाही. अ‍ॅम्पसाठी त्यांचे स्वतःचे फ्यूज आहेत. मुख्य फ्यूज वायर वाचवतो: ती कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर पेटायच्या आत तोडतो. ४ गेजच्या सीसीएवर १५० चा फ्यूज ठेवला तर वायर तापून प्लास्टिक वितळेल तरी फ्यूज जागचा हलणार नाही. नियम सोपा आहे. अ‍ॅम्पच्या फ्यूजची बेरीज आणि वायरची क्षमता, या दोन्हींत जो आकडा लहान, तो फ्यूज. वरच्या उदाहरणात एबी अ‍ॅम्पवर २० चे दोन आणि मोनोवर ३० चे दोन असतील तर बेरीज १००. तांब्याच्या वायरला १०० चा फ्यूज टाका. सीसीएला ८० चा. गाणी वाजवताना ८० चा उडत असेल तर त्या वायरकडून झेपत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मोठा फ्यूज बसवणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

होल्डर बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, जमेल तितका जवळ. कारण टर्मिनल ते फ्यूज एवढा पट्टा कायम बिनसंरक्षण राहतो. स्वस्त किटमध्ये एएनएलऐवजी काचेचा एजीयू फ्यूज देतात. तो टाळा. त्याचा स्प्रिंगसारखा संपर्क वरवरचा असतो, मोठ्या करंटला टोकं तापतात, आणि फ्यूज शाबूत दिसत असूनही पलीकडे व्होल्टेज पोचत नाही. एएनएलची पाती नट-बोल्टने आवळली जाते, तिथे हा त्रास नाही.

डिस्ट्रिब्युशन ब्लॉक

किटमधला सगळ्यात उपयोगी भाग हाच. ४ गेजची एक वायर आत, ८ गेजच्या दोन बाहेर. पण घेताना एक गोष्ट तपासा: ब्लॉकमध्ये प्रत्येक फाट्याला स्वतंत्र फ्यूज आहे का? साधा, बिनफ्यूजचा ब्लॉक असेल तर पुढच्या ८ गेजच्या तुकड्याला वाली फक्त बॅटरीजवळचा १०० चा फ्यूज, आणि ८ गेज सीसीएला ४० च्या वर नेऊ नये. ‘अ‍ॅम्पवर फ्यूज आहे की’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. ब्लॉक आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये वायर पत्र्याला लागली तर करंट बॅटरीकडून येऊन तिथेच गाडीच्या बॉडीत जातो, अ‍ॅम्पच्या फ्यूजपर्यंत पोचतच नाही.

म्हणून फ्यूजवाला ब्लॉक घ्या, मिनी एएनएलचा असेल तर उत्तम. आपल्या उदाहरणात एबी अ‍ॅम्पच्या फाट्यावर ४० आणि मोनोच्या फाट्यावर ६०. यातही गोम आहे. मोनोच्या फाट्याला ६० ठेवायचा तर तिथली ८ गेज वायर तांब्याची आणि अर्ध्या मीटरच्या आतली हवी. सीसीए असेल तर तो तुकडा बाजूला ठेवा आणि उरलेल्या ४ गेजमधून कापून लावा. ६ मीटरच्या वायरमध्ये एवढा तुकडा बहुधा निघतो.

ब्लॉक लाकडी फळीवर बसवा, थेट पत्र्यावर नाही, आणि सबवूफरच्या खोक्यावर तर मुळीच नाही. तिथल्या थरथरीने स्क्रू ढिले होतात. अ‍ॅम्पनाही हेच लागू. वरचं पारदर्शक झाकण बहुतेक किटमध्ये तकलादू असतं. ते निसटलं आणि डिकीतला पाना उघड्या पातीवर आणि पत्र्यावर एकदम पडला की काय होईल ते सांगायला नको. झाकणावरून एक केबल टाय आवळून टाका.

ग्राउंड

इथे किट कंजूषपणा करतं: लाल वायर ४ गेज आणि काळी ८ गेज, किंवा दोन अ‍ॅम्पना मिळून एकच मीटरभर तुकडा. जेवढा करंट लाल वायरमधून येतो तेवढाच काळ्यातून परत जातो, तेव्हा काळी वायर लालइतकीच जाड लागते. दोन्ही अ‍ॅम्पची ग्राउंड एका ब्लॉकवर आणून तिथून ४ गेजची एक वायर बॉडीला द्या, किंवा दोन्ही स्वतंत्रपणे एकाच बोल्टवर आणा. लांबी अर्ध्या मीटरच्या आत. दोन अ‍ॅम्पची ग्राउंड डिकीच्या दोन टोकांना दिली तर दोघांच्या शून्यात मिलिव्होल्टचा फरक राहतो, आणि तो आरसीएच्या जाळीतून वाहून स्पीकरमध्ये आवाज होऊन येतो. दुसरा अ‍ॅम्प बसवल्यावरच इंजिनाबरोबर चढणारी शीळ सुरू झाली तर बहुतेक वेळा मूळ इथे असतं.

जागा निवडताना सीट बेल्टचे आणि सीटचे बोल्ट सोडून द्या. ते सुरक्षेचे बोल्ट आहेत, ठरावीक ताणाने आवळलेले. मजबूत पत्र्यावर आठ मिलिमीटरचा स्वतंत्र बोल्ट घ्या, खाली पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी नाही हे बघून मगच ड्रिल चालवा. रंग आणि प्रायमर सॅंडपेपरने घासून चकचकीत धातू काढा, दातेरी वॉशर, मग लग, मग नट. आवळून झाल्यावर वरून रंगाचा हात द्या, नाहीतर पावसाळ्यात तिथेच गंज धरतो.

नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. अ‍ॅम्पचं ग्राउंड थेट त्या टर्मिनलवर आणलं तर सेन्सरला या करंटचा पत्ताच लागत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. अशा गाडीत ग्राउंड बॉडीलाच द्यायचं.

सिग्नल आणि रिमोट

किटमधली आरसीए केबल कामचलाऊ असते आणि तेवढी पुरते. प्रश्न स्प्लिटरचा आहे. हेड युनिटला (स्टिरिओला) सबवूफरचं वेगळं आउटपुट असेल तर स्प्लिटर मुळीच वापरू नका. दुसरी आरसीए जोडी टाका, म्हणजे सबचा आवाज स्टिरिओवरूनच कमी-जास्त करता येतो. पहिल्या अ‍ॅम्पवर आरसीए आउट असेल तर त्यातून दुसऱ्याला सिग्नल देता येतो, फक्त ते आउटपुट पहिल्याच्या क्रॉसओव्हरमधून (वरचे-खालचे सूर वेगळे करणाऱ्या फिल्टरमधून) गाळून येतं की जसंच्या तसं, हे त्याच्या माहितीपत्रकात बघा. हाय पासमधून, म्हणजे फक्त वरचे सूर सोडणाऱ्या फिल्टरमधून गाळलेल्या सिग्नलवर सब वाजणार कसा? हे दोन्ही नसेल तरच वाय. डाव्या-उजव्या मिळून दोन वाय लागतात, आणि त्यांची एक बाजू फीमेल व दोन बाजू मेल हव्यात. उलट्या जातीचे असतील तर अ‍ॅम्पमध्ये बसणारच नाहीत. स्प्लिटरने सिग्नल ‘अर्धा होतो’ ही समजूत मात्र खोटी. अ‍ॅम्पच्या इनपुटचा रोध दहा-वीस हजार ओहम असतो, हेड युनिटच्या आउटपुटचा त्यामानाने नगण्य. दोन अ‍ॅम्प समांतर जोडले तरी पडणारा फरक कानाला कळत नाही.

रिमोट वायर पहिल्या अ‍ॅम्पवरून तशीच दुसऱ्याला नेली की झालं. हेड युनिटची निळी-पांढरी वायर काही शे मिलिअँपिअर सहज देते आणि एक अ‍ॅम्प त्यातले थोडेच घेतो. याच वायरवर पॉवर अँटेना किंवा पंखेही असतील तर मात्र चार पिनांचा रिले लावा: ८६ ला रिमोट, ८५ ला ग्राउंड, ३० ला छोट्या फ्यूजमधून बॅटरी आणि ८७ वरून दोन्ही अ‍ॅम्पचे रिमोट. रिमोट थेट कायमच्या पॉझिटिव्हला जोडण्याचा शॉर्टकट घेऊ नका. दोन अ‍ॅम्प नुसते जागे राहिले तरी मिळून दीड-दोन अँपिअर खातात, म्हणजे ४५ अँपिअर-अवरची बॅटरी एका दिवसात आडवी.

जोडणीचा क्रम

किटसोबतच्या कागदावर क्रम सहसा चुकीचा असतो किंवा नसतोच. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. मुख्य फ्यूज होल्डरमध्ये अजून घालू नका. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) लाल वायर ग्रोमेटमधूनच न्या. कंपनीच्या वायरिंगचं रबर असेल तर त्यातून वाट काढा, कारण पत्र्याची कड वर्षभरात इन्सुलेशन कापते. पॉवर वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने. डिकीत सर्वांत आधी ग्राउंड, मग ब्लॉक आणि पॉवर, मग स्पीकर, मग रिमोट, आरसीए शेवटी. ग्राउंड ढिलं असताना आरसीए जोडलेली असेल तर अ‍ॅम्पचा करंट आरसीएच्या बारीक जाळीतून परतायला बघतो, आणि काही हेड युनिटमध्ये तिथला इवलासा आतला फ्यूज किंवा ट्रॅक जळतो. मग जन्मभराची शीळ. सगळं जागेवर आल्यावर बॅटरीचं निगेटिव्ह लावा आणि अगदी शेवटी मुख्य फ्यूज.

वायरच्या तारा टर्मिनलमध्ये मावत नाहीत म्हणून चार-सहा तारा कापून टाकायची पद्धत दिसते. ती सोडा. जाड वायर बारीक टर्मिनलला जोडणारे ४ ते ८ गेजचे रिड्यूसर मिळतात, ते वापरा. किटमधले लग बहुधा पातळ पत्र्याचे असतात आणि साध्या पक्कडीने नुसते चेपतात. षटकोनी साच्याच्या क्रिंपरने दाबलेला जाड लग ओढून निघता कामा नये.

गेन जुळवणं

गेन म्हणजे येणारा सिग्नल अ‍ॅम्प किती वाढवतो ते. दोन अ‍ॅम्प एकमेकांशी जुळायला हवेत आणि त्यात किट काहीच मदत करत नाही, म्हणून इथे थोडक्यात. स्पीकर काढा, इक्वलायझर सपाट, हेड युनिटचा आवाज तीन-चतुर्थांश. पुढच्या अ‍ॅम्पला १००० हर्ट्झचा आणि सबच्या अ‍ॅम्पला ५० हर्ट्झचा ० डेसिबलचा सूर द्या. मोजताना क्रॉसओव्हर बंद ठेवा. आउटपुटवर मल्टिमीटर एसीवर लावून गेन चढवा. लक्ष्य व्होल्टेज म्हणजे वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ: ४ ओहमला ६० वॅट असेल तर १५.५ व्होल्ट, २ ओहमला ५०० वॅट असेल तर ३१.६. त्यानंतर पुढच्या स्पीकरना ८० हर्ट्झला हाय पास, सबला ८० ला लो पास. सब फारच वरचढ वाटला तर त्याचा गेन खाली घ्या. पुढच्यांचा ठरल्यापेक्षा वर नेऊ नका. सब बसवूनही बास पोकळ वाटत असेल तर गेनला हात लावण्याआधी फेजचा स्विच उलटा करून ऐका.

काम नीट झालं की नाही हे कानापेक्षा मल्टिमीटर लवकर सांगतो. इंजिन चालू ठेवा, स्पीकर जोडा आणि भरपूर बासचं गाणं मोठ्याने लावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक काडी (प्रोब) बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि लांब वायर जोडून दुसरी मोनो अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्हवर टेकवा. ठोक्याला अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा राहिला तर ठीक. तसंच बॅटरीचं निगेटिव्ह आणि अ‍ॅम्पचं ग्राउंड यांच्यात ०.२ च्या आत. जास्त आला तर काडी एकेक सांधा पुढे सरकवत जा: टर्मिनल, होल्डरच्या दोन बाजू, ब्लॉकच्या दोन बाजू. आकडा जिथे उडी मारतो तो सांधा कच्चा. साधारण अर्धा तास वाजवून होल्डर आणि ब्लॉक बोटाने चाचपा. कोमट चालेल, चटका नको. पंधरा दिवसांनी ब्लॉकचे आणि अ‍ॅम्पचे सगळे स्क्रू अ‍ॅलन कीने पुन्हा एकदा आवळा. सीसीए वायर असेल तर दर सहा महिन्यांनी.